फळ्यावरचा एकशे अडुसष्ट

पिंपळदरीच्या दूध केंद्रात मशीन येऊन सहा वर्षं झाली. किटलीतलं दूध ते नळीनं ओढून घेतं, मिनिटभर घुमतं आणि फॅटचा आकडा लाल अक्षरांत दाखवतं. मागोमाग मोबाईलवर मेसेज येतो. पण पिंपळदरीतला माणूस मशीनकडे बघत नाही, मोबाईलकडेही नाही. तो म्हाळूआप्पांच्या तोंडाकडे बघतो. म्हाळूआप्पा ओव्हाळ कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, आकडा दोनदा वाचतात, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं, मग भिंतीवरच्या फळ्यावर त्या त्या नावापुढं खडूनं लिहितात. तेव्हा कुठं किटलीचा मालक जागचा हलतो.

मोठ्यानं वाचायची आणि फळ्यावर लिहायची पद्धत त्यांचीच. बत्तीस वर्षांपूर्वी ते टेस्टर म्हणून लागले तेव्हा मशीन नव्हतं. काचेची नळी, त्यात ॲसिड, त्यात दूध, मग ती नळी हातानं फिरवायच्या यंत्रात घालून गरागरा फिरवायची. फिरवून झालं की नळीच्या मानेत फॅटची पिवळट रेघ तरंगायची. ती रेघ टेस्टर सांगेल तेवढी. बौद्धवस्तीतला दहावी पास मुलगा गावाचं दूध तपासणार म्हटल्यावर पहिल्याच महिन्यात दोन घरांनी आपल्या किटल्या तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावर न्यायला सुरुवात केली. कारण कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. म्हाळूआप्पांनी संस्थेकडून फळा मागून घेतला आणि जे काही असेल ते सगळ्यांसमोर लिहायला लागले. आठ महिन्यांनी ती दोन घरं परत आली. तिकडची रेघ माणूस बघून वरखाली होत होती. इथली रेघ कुणालाच ओळखत नव्हती.

दुधात पाणी निघालं तर आकडा लिहायचा नाही, नावापुढं नुसतं ‘पाणी’ लिहायचं आणि तेही मोठ्यानं वाचायचं, हा दुसरा नियम. ते अक्षर फळ्यावरून दुसऱ्या दिवशी पुसलं जाई. माणसावरून पुसायला वर्ष लागे. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी ते शंकररावांच्या नावापुढं लिहिलं गेलं. शंकरराव म्हणजे माजी सरपंच, बावीस एकर ऊस, दूध संस्थेचे संचालक. पाणी गड्यानं घातलं होतं म्हणे. असेलही. फळ्यावर गड्याचं नाव नव्हतं. तेव्हापासून शंकरराव त्यांना ‘टेस्टर’ म्हणतात. गावासारखं ‘आप्पा’ म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती आणि त्यांच्या वडिलांसारखं ‘म्हाळ्या’ म्हणायचा काळ राहिला नव्हता. या दोन्हींच्या मधोमध त्यांना हा एक इंग्रजी शब्द सापडला.

केंद्रावर एक रिवाज आहे. प्रत्येक किटलीतून तपासणीसाठी वाटीभर दूध काढतात. मशीनला लागतं दोन चमचे. उरलेलं सॅम्पलचं दूध परत किटलीत घालत नाहीत, ते टेस्टरचं. सकाळी एक चरवी, संध्याकाळी एक चरवी. म्हाळूआप्पा माणूस निर्व्यसनी. तंबाखू नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. फक्त साय. भाकरीवर साय, भातावर साय, गुळाबरोबर साय, आणि कशाबरोबरच नसली तर नुसती साय. बत्तीस वर्षं गावातल्या प्रत्येक म्हशीचं थोडं थोडं त्यांच्या अंगात जमा होत होतं. त्याची पावती मात्र निघत नव्हती.

ती दिवाळीनंतर निघाली. त्यांचा मुलगा सम्राट सणसवाडीच्या एका कंपनीत आहे. कंपनीनं कामगारांच्या आईबापांची तपासणी करून द्यायचं ठरवलं आणि आप्पांना शिरूरच्या एका लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला नेलं. तिथल्या रुपाली नावाच्या मुलीनं रक्त काढलं, नळी यंत्रात घालून फिरवली आणि ती हातात धरून बघतच राहिली. खाली लाल रक्त बसलं होतं. वर स्वच्छ पिवळसर पाणी दिसायला हवं होतं, तिथं पांढरं दिसत होतं. तिनं विचारलं, काका, रात्री काय खाल्लं होतं?

आप्पांना प्रश्न ऐकूच गेला नाही. फिरवलेली नळी दिसली की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जायचा. त्यांनी नळी मागून घेतली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, डोळा बारीक केला.

“साडेपाच,” ते म्हणाले. “म्हशीचं हाय.”

रिपोर्टमध्ये आलं ते असं: रक्तातली चरबी, जिला ट्रायग्लिसराइड म्हणतात, ती दीडशेच्या आत हवी, ती चारशे शहाऐंशी. कोलेस्टेरॉल दोनशे एकाहत्तर. फिजिशियन म्हणाले, खाणं आवरा, चाला, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, नाही उतरलं तर गोळी सुरू करावी लागेल आणि ती बहुतेक कायमची. कायमची हा शब्द आप्पांना लागला. जे दूध एकदा नासलं त्याला कायमचं म्हणतात, एवढंच त्यांना माहीत होतं.

सूनबाई राजश्रीनं ही गोष्ट फोनवरून आपल्या आईला सांगितली, कुणाला सांगू नको असंही सांगितलं, त्यामुळे ती संध्याकाळच्या दुधाआधीच केंद्रावर पोचली होती. रांगेत शंकरराव होते. त्यांच्या स्वतःच्या छातीत दोन वर्षांपूर्वी पुण्याला जाळी बसवलेली, रोज सकाळी त्यांच्या तळहातावर गोळ्यांची रंगीत रांगोळी असते. त्यांनी किटली खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं,

“टेस्टर, नियम समद्यांला एकच हाय ना? मग वाच की मोठ्यानं.”

रांगेतल्या माना फळ्याकडे वळल्या. आप्पांकडे ना गाय ना म्हैस, त्यामुळे बत्तीस वर्षांत त्या फळ्यावर त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. त्यांनी खडू घेतला. अगदी खाली, कोपऱ्यात लिहिलं: म्हाळू ओव्हाळ, ४८६. आणि नेहमीच्याच आवाजात वाचलं. दगडाबाई म्हातारी म्हणाली, साठ वर्षं जनावरं सांभाळली पण असलं फॅट बघितलं न्हाई, आप्पा पेंड तरी कंची खातात ते सांगावं. शंकररावांनी एवढंच विचारलं की त्या चारशे शहाऐंशीत त्यांच्या म्हशीचा वाटा किती. रांग हसली. आप्पाही हसले, पण कोपऱ्यातला तो आकडा पुसला गेला नाही. तपासणी पुन्हा होईपर्यंत तो तसाच ठेवायचा असं गावानं न बोलता ठरवून टाकलं.

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ डॉक्टर करुणांचा आयुर्वेदाचा दवाखाना आहे. बाई यवतच्या, वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं स्पष्ट. त्यांनी रिपोर्ट वाचला, फिजिशियनला फोन लावला, मग आप्पांना सांगितलं की तीन महिने त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागायचं आणि तीन महिन्यांनी आकडा खाली नसेल तर ती गोळी मुकाट्यानं घ्यायची. आयुर्वेद म्हणजे गोळीपासून पळायची वाट नाही, असंही त्या म्हणाल्या. आप्पांनी मान डोलावली. ते पळायच्या वाटेसाठीच आले होते.

मग यादी. जेवणानंतर गुग्गुळाच्या दोन गोळ्या, कोमट पाण्याबरोबर. सकाळी अर्जुनाच्या सालीचा काढा. गव्हाऐवजी जवाची भाकरी. हुलग्याचं कढण. ताक, पण लोणी पूर्ण काढलेलं. दुपारी झोपायचं नाही. रोज चार किलोमीटर चालायचं. आणि अंघोळीआधी हुलग्याचं पीठ अंगाला कोरडंच चोळायचं, खालून वरच्या दिशेनं, जोर लावून. साय हा शब्द यादीत शेवटी होता आणि त्याच्याखाली दोन रेघा होत्या.

हुलगे हा पिंपळदरीत बैलांचा खुराक. थंडीत कुणी शेंगोळी करून खातं तेवढंच. आता ते आप्पांच्या पोटातही जायला लागले आणि पोटावरही. चोळायचं काम ताईबाईंकडे आलं. त्यांनी पहिल्या दिवशी पदर खोचला, पाटावर बसलेल्या नवऱ्याच्या पोटावर मूठभर पीठ टाकलं आणि खालून वर असा हात ओढला की आप्पांनी पाटासकट मागं सरकायचा प्रयत्न केला. ताईबाई म्हणाल्या, गप बसा, आमच्या म्हायेरी बैलाला खरारा करायचो तर बैल हलत नव्हता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी बघायला आल्या. आठव्या दिवशी ताईबाईंना त्यात गोडी वाटायला लागली. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला इतक्या जोरानं घासायची परवानगी डॉक्टरनं लिहून दिली आहे, हे त्यांना रोज नव्यानं आठवे.

सॅम्पलच्या दुधाची चरवी घरात आणायची नाही, हा हुकूमही त्यांनीच काढला. आप्पांनी तो अक्षरशः पाळला. चरवी घरात आली नाही. ती केंद्रातच राहिली, मशीनमागच्या गॅसवर तापली, तिच्यावर साय धरली आणि ती साय आप्पांनी उभ्यानं खाल्ली. उभ्यानं खाल्लेलं जेवणात धरत नाहीत, असा त्यांचा समज होता. त्यावर त्यांनी आणखी एक शोध लावला. मशीन फॅट सांगतं, चव सांगत नाही. दूध शिळं आहे की ताजं, जनावरानं लसूणघास खाल्लाय की ऊस, हे कुणीतरी तोंडानं बघायलाच हवं. म्हणजे ही साय खाणं नव्हतं, ती ड्युटी होती.

चालण्याचंही तसंच. घर ते केंद्र तीनशे पावलं. ती पावलं आप्पा करुणाबाईंना किलोमीटरमध्ये सांगत. पूर्ण तीन महिन्यांत ते एकदाच खरे चालले, एक जानेवारीला कोरेगावला स्तंभाला जाताना, कारण पार्किंगपासून पुढं गाडी सोडत नव्हते. त्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना आपणहून फोन करून सांगितलं.

तपासणीला दहा दिवस उरले आणि आप्पा फळ्याच्या कोपऱ्याकडे बघताना दचकायला लागले. चारशे शहाऐंशीचा सहाशे झाला तर? तो मोठ्यानं वाचावा लागणार होता, आणि रांगेत कोण उभं असणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी साय बंद केली. दुसऱ्या दिवशी भाकरी बंद केली. मग हुलग्याचं पाणी, ताकाचं पाणी, काढ्याचं पाणी आणि नुसतं पाणी, तांब्यावर तांब्या. ताईबाईंना वाटलं, औषध लागू पडलं, भूकच मेली. शेवटच्या दोन दिवसांत तर पोटात इतकं पाणी होतं की चालताना आतून किटली हिंदकळल्यासारखा आवाज यायचा.

रुपालीनं नळी फिरवली. वरचं पाणी पिवळसर, आरपार दिसणारं. ट्रायग्लिसराइड एकशे अडुसष्ट.

तिनं नळी कौतुकानं त्यांच्याकडे दिली. आप्पांनी ती खिडकीत धरली आणि लगेच खाली घेतली. असली नळी त्यांनी हजारदा पाहिली होती. तीन महिने घट्ट दूध घालणाऱ्या माणसाचं दूध तपासणीच्या दिवशी असं पातळ आलं, तर म्हैस बदललेली नसते.

डॉक्टर करुणांना आनंद झाला, पण त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, आप्पा, तीनही महिने सगळं पाळलंत ना? आप्पा म्हणाले, “व्हय.” एवढा एक शब्द. मग घरी येईपर्यंत एसटीत ते खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत बसले. ऊस कुणाला काही विचारत नाही.

संध्याकाळी कोपऱ्यातला ४८६ पुसला गेला आणि १६८ लिहिला गेला. रांगेनं टाळ्या वाजवल्या. दगडाबाईनं दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. आप्पांनी आकडा वाचला खरा, पण पहिल्यांदाच, आधी मनात न वाचता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरराव किटली न घेता आले. हातात प्लास्टिकची पिशवी होती. त्यांनी ती मशीनशेजारी ओट्यावर ठेवली, आतून गोळ्यांची पाकिटं काढून ओळीनं मांडली आणि सांगितलं की कालपासून सगळं बंद केलं. बाजारातनं दहा किलो हुलगे आणले आहेत. सुनेला चोळायला सांगता येत नाही म्हणून गड्याला सांगितलंय. फक्त कढण दिवसातून कितीदा घ्यायचं तेवढं विचारायला ते आले होते.

आप्पा म्हणाले, डॉक्टरीणबाईंना विचारा, तुमचं वेगळं, तुमच्या छातीत जाळी हाय. शंकररावांनी हात झटकला.

“तिला काय इचारायचं? आन् पुन्याच्या डॉक्टरला तरी काय? त्यांचे आकडे कोन बघतंय. तुजा आकडा फळ्यावर हाय.” मग दुसरीकडे बघत ते म्हणाले, “पंधरा वर्षं झाली, टेस्टर, पन तू लिहिलेलं खोटं निघालं न्हाई कवा.”

हे वाक्य ऐकण्यासाठी म्हाळूआप्पा पंधरा वर्षं थांबले होते. कधी कधी ताक पिताना त्यांनी ते मनातल्या मनात शंकररावांच्या आवाजात म्हणूनही बघितलं होतं. आज ते खरोखर आलं आणि एका खोट्या आकड्यावर येऊन बसलं. समोर पाकिटं मांडलेली होती. रांग वाढत होती. माऊली नावाच्या एका शेतकऱ्यानं तर मागून विचारलं, हुलगे शिल्लक राहिलेत का बाजारात, म्हंजी मीबी गोळी सोडतो.

आप्पांना वाटलं, आता गप्प बसलो तरी चालेल. दोन महिन्यांनी सगळे विसरतील. मग त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्याच्या दवाखान्यातला एक पलंग आला, त्यावर शंकरराव, आणि पलंगाच्या पायाशी जिथं पेशंटचा कागद अडकवतात तिथं एक फळा, आणि त्यावर आपलं अक्षर.

त्यांनी किटल्या पुसायचं ओलं फडकं घेतलं. कोपऱ्यातला १६८ पुसला. नावापुढं खडू टेकला. अक्षर वळणदार आलं. त्यांनी चष्मा नाकावर आणला, मनात वाचलं आणि मग नेहमीच्या आवाजात मोठ्यानं वाचलं.

“म्हाळू ओव्हाळ. पाणी.”

आप्पांनी रांगेकडे पाठ न करता सांगितलं की अडीच महिने रोज वाटीभर साय खाल्ली, इथंच, ह्या मशीनमागं. शेवटचे धा दिवस पाणी पिऊन आकडा आणला. हुलग्याचं काही चुकलं नाही, डॉक्टरीणबाईंचं चुकलं नाही, सॅम्पल खोटं दिलं. गोळी कुणी सोडू नये. शंकररावांनी तर आत्ता घ्यावी.

शंकररावांनी फळ्याकडे बघितलं. त्या अक्षराचं वळण त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्या नावापुढं आलं होतं तेव्हाही ‘णी’ची वेलांटी अशीच लांब होती. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

“पानी कुनी घातलं?” त्यांनी विचारलं. “गड्यानं?”

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “मालकानं.”

आधी दगडाबाई हसली, मग रांग, मग शंकरराव. त्यांचं हसणं खोकल्यासारखं सुरू झालं आणि बराच वेळ थांबेना. मग त्यांनी पाकिटं फोडून कालची नाही, आजची गोळी काढली, किटल्या धुवायच्या नळाला ओंजळ लावली आणि सगळ्यांसमोर गिळली. आप्पांनी ती घशाखाली उतरेपर्यंत नजर काढली नाही.

हे ऐकून डॉक्टर करुणा जे बोलल्या ते ताईबाईंना इतकं पटलं की त्यांनी ते घरी येऊन जसंच्या तसं पुन्हा एकदा ऐकवलं. महिनाभरानं, रोजचं जेवण जेवून, उपाशीपोटी, पाण्याचे तांबे न रिचवता पुन्हा रक्त दिलं. तीनशे एकोणीस. फिजिशियननं गोळी लिहून दिली. आप्पा आता ती घेतात, गुग्गुळही घेतात, काय केव्हा घ्यायचं हे दोन्ही डॉक्टरांनी फोनवर बोलून ठरवलं आहे. पिठाचा खरारा चालूच आहे. आता तो थांबवायचा म्हटलं तरी ताईबाई थांबवतील असं वाटत नाही. सॅम्पलचं दूध सकाळी अंगणवाडीत जातं. फळ्याच्या कोपऱ्यात ३१९ आहे आणि तो खरा आहे.

चालायचं मात्र खरंच सुरू झालं. रोज सकाळचं दूध आटोपल्यावर आप्पा घोड नदीच्या बंधाऱ्यापर्यंत जातात, जाऊनयेऊन चार किलोमीटर. त्याच वेळी शंकररावही निघतात. बरोबर निघू असं कुणी कुणाला म्हटलेलं नाही, त्यामुळे ते शेजारीशेजारी चालत नाहीत. शंकरराव वीस पावलं पुढं, आप्पा वीस पावलं मागं. आप्पांनी पळवाट काढू नये म्हणून शंकरराव अधूनमधून मागं वळून बघतात. बंधाऱ्यापाशी दोघं वळतात. मग आप्पा पुढं असतात.